नाकाची साक्ष

वाचकहो, तुमच्या घरी बाहेरगावचा पाहुणा आला आणि तांब्याभर पाणी पिऊन "पाणी गोड आहे हो तुमच्याकडचे" म्हणाला, की तुम्ही काय सांगता ते मला ठाऊक आहे. आजव्याचे पाणी, सयाजीराव महाराजांची कृपा. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत ही माहिती मुलांना पाढ्यांच्या आधी मिळते. पण तेच पाणी न्हाणीतून, मोरीतून आणि संडासातून बाहेर पडले की पुढे कुठे जाते, कोणत्या वस्तीच्या कडेने जाते आणि शेवटी कोणाच्या खिडकीखाली थांबते, हे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला साठी उलटेपर्यंत सांगता येत नव्हते.

आपल्या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यापैकी कोणीतरी हवे, असा एक अलिखित नियम आहे. तो मी आज मोडतो आहे. मी सांगणार आहे ती हकीकत न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या भागाची, हडसन नदीच्या काठी बांधलेल्या एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्राची आणि तिथल्या रहिवाशांनी त्याला केलेल्या विरोधाची. मुलीकडे गेलो असताना ती जागा पाहिली आणि मग त्याविषयी जे हाती लागेल ते वाचत गेलो. आपला काय संबंध, असे तुम्ही विचाराल. एक धागा तर थेट बडोद्याचाच आहे. १९१३ साली महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते या केंद्राच्या दक्षिणेला जेमतेम मैलभर अंतरावर आहे. आंबेडकर तिथे शिकत होते तेव्हा हे केंद्र नव्हते. त्या काळी मॅनहॅटन बेटाच्या पश्चिम अंगाची सगळी घाण गटारांतून सरळ हडसनमध्ये पडत असे. ती तशीच पुढे १९८६ सालापर्यंत पडत राहिली. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहराच्या निम्म्या बेटाचा मैला विसाव्या शतकाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत कच्चाच नदीत जात होता, हे वाचून मी एकदा चष्मा पुसून पुन्हा वाचले.

त्या गटारांची रचना समजून घ्या, म्हणजे पुढचे भांडण समजेल. मॅनहॅटनचे आडवे रस्ते नदीला जाऊन टेकतात. प्रत्येक रस्त्याखालचे गटारही तसेच उतारावरून नदीपर्यंत जाई आणि काठावर तोंड उघडे टाकी. पावसाचे पाणी आणि घरांतला मैला एकाच नळातून. ही घाण अडवायची तर काठाला समांतर असे एक मोठे गटार बांधावे लागते. ते सगळ्या लहान गटारांना वाटेतच गाठते आणि पाणी एका ठिकाणी नेते. ते ठिकाण नदीकाठीच हवे, कारण शुद्ध केलेले पाणी शेवटी नदीतच सोडायचे असते. दक्षिणेला बँक स्ट्रीटपासून बेटाच्या उत्तर टोकाच्या इनवूडपर्यंतचा सगळा पश्चिम भाग या एका ठिकाणाला जोडायचा होता. त्यात नाटकगृहे आली, मोठी हॉटेले आली, सेंट्रल पार्कच्या पश्चिमेचे नामांकित बंगले आणि इमारती आल्या, आणि हार्लेमही आले. हे लक्षात ठेवा, की हार्लेमचा स्वतःचा मैलाही त्याच नदीत जात होता. केंद्र नकोच, असे म्हणणारे तिथे कोणी नव्हते. भांडण होते ते जागेचे.

केंद्राचे नाव 'नॉर्थ रिव्हर'. उत्तरेला डोंगरबिंगर काही नाही. डच वसाहतवाले हडसनला उत्तर नदी म्हणत आणि डेलावेअरला दक्षिण नदी. ते जुने नाव खलाशांच्या तोंडी राहिले आणि नंतर या कारखान्याच्या पाटीवर आले.

आधीच्या आराखड्यांत ही जागा बरीच दक्षिणेला, पश्चिम ७२व्या रस्त्याच्या बाजूला होती. तिथे रेल्वेचे भलेमोठे यार्ड होते आणि जागा मोकळी होती. पण त्याच्या शेजारच्या लिंकन स्क्वेअर भागाचे तेव्हा रूप पालटत होते. जुन्या चाळी पाडून तिथे संगीत-नाटकांचे भव्य लिंकन सेंटर उभे राहत होते. (त्या चाळींत राहणारे बरेचसे कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन होते आणि त्यांतले काही उठून हार्लेमला गेले, हे जाता जाता.) १९६०च्या दशकात केंद्राची जागा सरकत सरकत उत्तरेला गेली आणि १३७ ते १४५ या रस्त्यांच्या दरम्यान, पश्चिम हार्लेमच्या समोर येऊन थांबली. १९६८ साली शहराच्या बोर्ड ऑफ एस्टिमेटने तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

अधिकाऱ्यांकडे कारणे होतीच. अशी कारणे नेहमीच असतात आणि त्यांतली काही खरीही असतात. मी त्यांना खोटे म्हणणार नाही. पण हार्लेमच्या माणसाला ती कारणे कशी ऐकू आली असतील, हे समजायला तीस वर्षे मागे जावे लागते. १९३०च्या दशकात रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने हडसनकाठी रिव्हरसाइड पार्क नव्याने घडवले. काठाने जाणारे मालगाड्यांचे रूळ त्याने झाकून टाकले आणि वर हिरवळ, खेळाची मैदाने, फिरायच्या वाटा केल्या. मात्र ७२व्या रस्त्यापासून सुरू झालेले हे झाकण हार्लेमशी आल्यावर संपले. तिथले रूळ उघडेच राहिले. म्हणजे नदी तीच, काठ तोच, बागही कागदावर एकच. पण कोणाच्या खिडकीखाली फुले आणि कोणाच्या खिडकीखाली वाघिणी, हे एकदा ठरून गेले होते. मैलापाणी केंद्र आले तेव्हा हार्लेमला ती दुसरी खेप वाटली, तर त्यात नवल काय?

आणि हार्लेम म्हणजे नुसती गरिबांची वस्ती, असे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. मीही तेच घेऊन गेलो होतो. केंद्रासमोरच्या टेकाडावर रिव्हरसाइड ड्राइव्हच्या उंच, नक्षीदार इमारती आहेत. जवळच्या शुगर हिल भागात कृष्णवर्णीयांमधले डॉक्टर, वकील, संगीतकार पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. शाळामास्तर, टपालखात्यातली माणसे, घरभाड्याची ओढाताण करणारेही आहेत. पैसा असूनसुद्धा नगरपालिकेत शब्द चालत नाही, अशी ही वस्ती होती. गरिबीपेक्षा ही अवस्था वेगळी असते. आंबेडकरांना १९१७ साली याच बडोद्यात, हातात परदेशी पदव्या आणि दरबारची नोकरी असताना, राहायला खोली मिळाली नव्हती, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

विरोध झाला तेव्हा सरकारने जे केले ते मला या हकीकतीतले सर्वांत बोलके प्रकरण वाटते. केंद्राचे छप्पर सजवून देऊ, असे ठरले. फिलिप जॉन्सन या ख्यातनाम वास्तुशिल्पकाराकडे काम गेले आणि त्याने छपरावर कारंजी आणि जलाशय काढून दाखवले. विचार करा, खाली १७ कोटी गॅलन मैलापाणी आणि वर कारंजी! हार्लेमच्या लोकांनी ती नाकारली. बघायची शोभा नको, वापरायची जागा द्या, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यातून छपरावर पूर्ण उद्यान बांधायचे वचन राज्य सरकारकडून मिळाले. नेल्सन रॉकफेलर तेव्हा गव्हर्नर होते. नदी साफ करण्यासाठी १९६५ सालीच राज्याच्या मतदारांनी १ अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिलेली होती, त्यामुळे काम थांबवणे आता कोणाच्याच हातात नव्हते. उद्यान हा त्यातल्या त्यात पदरात पडलेला सौदा.

बांधकाम १९७२ साली सुरू झाले. काठावर जागा नव्हती, म्हणून नदीतच चबुतरा उभारला. २८ एकरांचा. त्याखाली सुमारे २,३०० भक्कम खांब, नदीच्या तळाखालच्या खडकात रोवलेले, काही ठिकाणी २३० फूट खोल. स्थापत्याच्या दृष्टीने ते अचाट काम आहे, यात शंका नाही. मी पुलावर उभा राहून खाली पाहत होतो तेव्हा माझ्यातला डॉक्टर गप्प झाला आणि शाळेत इंजिनीअर व्हायचे म्हणणारा मुलगा जागा झाला. तो खर्च १ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. मार्च १९८६ मध्ये केंद्र सुरू झाले, पण अर्धे. मैल्यातला गाळ बसवण्याची पहिली प्रक्रिया तेवढी सुरू झाली. जंतूंकडून उरलेली घाण खाऊ घालण्याची दुसरी पायरी १९९१ साली पुरी झाली. आणि छपरावरचे उद्यान? ते तेव्हा कागदावरच होते. वास मात्र पहिल्या उन्हाळ्यापासून आला.

इथे मला माझ्या विषयात थोडे शिरू द्या. मैलापाणी साचले, त्यातला प्राणवायू संपला की हायड्रोजन सल्फाइड हा वायू सुटतो. सडक्या अंड्याचा वास तो हाच. निसर्गाने माणसाच्या नाकाला या वायूपुरती विलक्षण धार दिली आहे. हवेच्या शंभर कोटी भागांत त्याचे चार-दोन भाग असले तरी कित्येकांना तो कळतो. पण प्रमाण फार वाढले की तेच नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. गटारात उतरलेला माणूस 'काही वास नाही' म्हणता म्हणता कोसळतो तो त्यामुळे. थोडक्या प्रमाणात मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांची आणि घशाची जळजळ, झोपमोड. हार्लेमचे लोक नेमके हेच सांगत होते. उन्हाळ्यात खिडक्या बंद करून बसावे लागते, मुले शिंकतात, रात्री उमासा येतो. दम्याच्याही तक्रारी होत्या. मी डॉक्टर म्हणून सांगतो, दम्याचा दोष एकट्या केंद्रावर टाकणे मला बरोबर वाटत नाही. मॅनहॅटनमधली बहुतेक डिझेल बस-आगारेही शहराने याच उत्तर भागात ठेवली होती, जुन्या इमारतींतली ओल आणि झुरळे होती. पण वासाच्या तक्रारीला दुसरे कारण नव्हते.

या तक्रारींना सरकारी खाती कसे उत्तर देतात, हे तुम्हीही अनुभवले असेल. मोजमाप मर्यादेत आहे. तपासणीला माणूस आला तेव्हा वास नव्हता. वास तर मैल्याच्या केंद्राला येणारच. या सगळ्यात एक गृहीत असते, की नाक हा पुरावा नव्हे. होमिओपॅथीत आम्हाला याच्या उलट शिकवले जाते. हानेमानने 'ऑर्गनन'मध्ये सांगून ठेवले आहे की रोग्याची तक्रार वैद्याने रोग्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. आमच्या औषधांवर तुमचा विश्वास असो वा नसो, या एका शिस्तीबद्दल कोणी वाद घालू नये. केस घेताना 'दुखते' आणि 'ठणकते' यांत फरक असतो. तसा 'दुर्गंधी' आणि 'मंगळवारी पहाटे खिडकी उघडली आणि उलटी झाली' यांतही असतो.

१५ जानेवारी १९८८. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्मदिवस. सकाळी ७ वाजता काही मंडळी तोंडावर वायुरोधक मुखवटे चढवून केंद्रासमोरच्या रस्त्यावर उभी राहिली आणि त्यांनी वाहतूक अडवली. सात जणांना अटक झाली. वर्तमानपत्रांनी आणि लोकांनी त्यांना नाव दिले 'सूएज सेव्हन', म्हणजे मैलापाण्याचे सात जण. त्यांच्यात पेगी शेपर्ड होत्या. मूळच्या पत्रकार, तीन वर्षांपूर्वी स्थानिक पक्षकार्यात निवडून आलेल्या. निवडून आल्यावर लोकांनी त्यांच्यापुढे पहिली तक्रार ठेवली ती या वासाची. त्याच वर्षी त्यांनी व्हर्निस मिलर आणि चक सटन यांच्याबरोबर 'वी अॅक्ट' ही संस्था काढली. व्हर्निस मिलर यांनी पुढे या जागेच्या निवडीचा सगळा इतिहास कागदपत्रांतून खणून लिहून काढला. मी वर जागा सरकल्याची गोष्ट सांगितली ती त्यांच्या कष्टामुळे आज आपल्याला माहीत आहे. मोर्च्यात घोषणा देणारे पुष्कळ असतात. दफ्तरात जाऊन जुने ठराव वाचणारा एखादाच निघतो.

१९९२ साली वी अॅक्टने एका राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या साथीने शहरावर दावा लावला. गंमत अशी, की तेव्हा शहराचे महापौर होते डेव्हिड डिंकिन्स, न्यूयॉर्कचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, हार्लेमच्याच राजकारणात वाढलेले. आपला माणूस गादीवर बसला म्हणून दावा मागे घेतला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. डिंकिन्स यांची कारकीर्द संपायला एक-दोन दिवस उरले असताना, डिसेंबर १९९३ च्या अखेरीस तडजोड झाली. शहराने वास आटोक्यात आणण्यासाठी साडेपाच कोटी डॉलरचे काम अंगावर घेतले होते. आता त्यावर नजर ठेवण्याचा हक्क तक्रारदारांना मिळाला आणि वस्तीच्या आरोग्य-पर्यावरणाच्या कामांसाठी ११ लाख डॉलरचा निधी. ११ लाख ही त्या शहरात काही मोठी रक्कम नव्हे. पण नजर ठेवण्याचा हक्क मोठा होता: आता नाकाची साक्ष कागदावर आली.

वासाचे एक कारण मात्र खुद्द घराघरांत होते. केंद्र दिवसाला १७ कोटी गॅलनसाठी बांधले होते आणि १९८०च्या दशकाअखेर त्याहून जास्त पाणी येऊ लागले होते. कारण पश्चिम अंगाला नव्या इमारती वाढत होत्या. आणि त्यांतला सर्वांत मोठा बेत कुठला? तेच रेल्वे यार्ड, ५९ ते ७२ रस्त्यांमधले. जिथे कधीकाळी हे केंद्र होण्याचे घाटत होते, तिथे डोनाल्ड ट्रम्प यांना बुरूज उठवायचे होते आणि त्यांचा मैला जाणार होता हार्लेमला. त्या बेताच्या विरोधकांनी केंद्राची क्षमता हाच मुद्दा कोर्टात नेला. बेत लहान होऊन १९९२ साली मंजूर झाला. मग शहराने १९९४ पासून एक साधी गोष्ट केली. जुने, एका वेळी पाच-पाच गॅलन ओतणारे संडास बदलून कमी पाण्याचे बसवणाऱ्यांना पैसे परत देऊ केले. तीन-चार वर्षांत शहरात तेरा लाखांच्या आसपास संडास बदलले गेले. नॉर्थ रिव्हरला येणारे पाणी उतरत उतरत कोरड्या दिवसांत साडेबारा कोटी गॅलनच्या घरात आले. म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ४७ कोटी लिटर. हजारो मैलांच्या पायपिटीनंतर प्रश्नाचा एक तुकडा लोकांच्या न्हाणीघरात सापडला.

जैन साधूंच्या पाच समित्यांमध्ये शेवटची उत्सर्ग समिती आहे. शरीराचा मळ टाकायचा तो जागा नीट पाहून, जिथे जीवजंतूंना आणि कोणालाही त्रास होणार नाही तिथे. लहानपणी पाठशाळेत हे घोकताना आम्ही मुले तोंड दाबून हसत असू. चालणे, बोलणे, खाणे यांच्या पंक्तीला हे कशाला, असे वाटे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता हार्लेमवर बोलणे मला प्रशस्त वाटत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीमागच्या कांसेवर मैलापाण्याचे एक लहान पंपिंग स्टेशन यायचे ठरत होते. आम्ही सगळे एकवटलो. अर्ज तयार झाला, त्यात लिहिले होते की येथे सुशिक्षित कुटुंबे, वृद्ध आणि शाळकरी मुले राहतात. त्यावर 'डॉक्टर' अशी पदवी लावून माझी सही सर्वांत वर घेतली गेली. ओळखीपाळखी कामाला लागल्या. स्टेशन सहा-सातशे मीटर पुढे, एका वस्तीला लागून झाले. आम्ही सत्यनारायण घातला नाही इतकेच. पेढे मात्र वाटले. त्या वस्तीत वृद्ध आणि शाळकरी मुले नव्हती काय? मी दर रविवारी तिथे दवाखाना चालवीत होतो, मला चांगले ठाऊक होते. इतक्या वर्षांत तिथल्या एकाही रोग्याने माझ्यापाशी वासाची तक्रार केली नाही. न्यूयॉर्कहून परत आल्यावर मी एका बाईंना मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, आता ते आमच्या घरचंच झालं. आणि तुम्हाला काय सांगायचं, सही तर तुमची होती ना?" त्यांना ते पहिल्यापासून माहीत होते.

न्यूयॉर्कलाच दुसऱ्या काठावर आमच्यासारखी माणसे भेटतात. मॅनहॅटनच्या पूर्वेला ९१व्या रस्त्याशी, ईस्ट रिव्हरच्या काठी शहराचे कचरा बोटींवर चढवायचे जुने केंद्र होते. १९९०च्या दशकाअखेर ते बंद पडले. २००६ साली महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात ठरले, की शहराचा कचरा ट्रकनी काही मोजक्या गरीब वस्त्यांतच का न्यावा, प्रत्येक भागाने आपला वाटा उचलावा. म्हणून ९१व्या रस्त्याचे केंद्र नवे करून पुन्हा सुरू करायचे. हा शहराचा सर्वांत धनाढ्य भाग. खुद्द महापौरांचे घर त्याच बाजूला, आणि महापौरांचे सरकारी निवासस्थान तर तिथून चार पावलांवर. लोकांनी कडवा विरोध केला. ट्रकचा उतार 'अॅस्फाल्ट ग्रीन' या क्रीडासंकुलातून जातो, मुले तिथे खेळतात, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मुद्दा खोटा नव्हता. (ते क्रीडासंकुल पूर्वी शहराचा डांबराचा कारखाना होते, तिथली कमानदार इमारत अजून उभी आहे.) दावे झाले, निवडणुकीत वचने दिली गेली, खर्च वाढत गेला. वी अॅक्टसह हार्लेमच्या बाजूच्या संस्था मात्र केंद्र व्हावे म्हणून उभ्या राहिल्या. ज्यांनी आयुष्यभर आपल्या काठावरच्या केंद्राविरुद्ध भांडण केले, ते दुसऱ्याच्या काठावरच्या केंद्रासाठी भांडत होते, आणि त्यात विसंगती काही नव्हती. मार्च २०१९ मध्ये ते सुरू झाले.

आणि छपरावरचे ते उद्यान? २७ मे १९९३ रोजी, वचनानंतर जवळजवळ पाव शतकाने, ते खुले झाले. रिव्हरबँक स्टेट पार्क. रिचर्ड डॅटनर या वास्तुशिल्पकाराने ते बांधले आणि १२ कोटी ९० लाख डॉलर खर्च आला. नदीपासून ६९ फूट उंच छप्पर, त्यावर पोहण्याचा मोठा तलाव, बर्फावर घसरण्याचे आच्छादित मैदान, नाट्यगृह, धावपट्टी, झाडे. खालच्या खांबांवर भार बेताचाच टाकता येत असल्यामुळे वरच्या इमारती हलक्या पत्र्यांच्या आणि माती थोडीच. भूमिगत रेल्वेने १४५व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून मी पश्चिमेला चालत गेलो, महामार्ग आणि ते रूळ ओलांडणाऱ्या पुलावरून आत शिरलो. शनिवार होता. कुटुंबेच्या कुटुंबे, आजीबाई छत्र्या घेऊन, पोरे तलावाकडे पळणारी. पोरांनीच काढलेल्या चित्रांवरून बनवलेल्या प्राण्यांचा एक फिरता पाळणा आहे, तो पाहत मी बराच वेळ बसलो. हे उद्यान म्हणजे लाच की न्याय, असा वाद तिथे अजून घालता येतो. मला विचाराल तर जागा चुकीच्या रीतीने ठरली आणि उद्यान लढून मिळाले. एकाने दुसरे धुऊन निघत नाही, पण त्या पोरांचे पोहणेही खोटे नाही. २० जुलै २०११ रोजी खालच्या इंजिनघरात मोठी आग लागली, केंद्र बंद पडले आणि कच्चा मैला पुन्हा हडसनमध्ये सोडावा लागला. दोनेक दिवस. उद्यान त्या वेळी रिकामे करावे लागले. वर खेळणाऱ्यांना खाली काय आहे याची आठवण अशी अधूनमधून होते. मी गेलो त्या दिवशी वारा नदीकडे वाहत होता आणि मला वास आला नाही. पुलावर परतताना, अगदी क्षणभर, आला.

इकडे आल्यावर मी दवाखान्यात एक वही ठेवली. त्या वस्तीतून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो आणि तारीख, वेळ, वारा कुठला, पंप चालू होता की बंद, काय झाले, हे त्याच्याच शब्दांत लिहितो. बहुतेक नोंदी गुजरातीत आहेत, काही हिंदीत, दोन-चार मराठीत. पहिल्या पावसाळ्यात ४१ झाल्या. त्यांची नक्कल संबंधित खात्याला दिली, सोबत माझ्या जुन्या अर्जाचीही जोडली, त्यावरची सर्वांत वरची सही अधोरेखित करून. पोच मिळाली आहे. दुसऱ्या पावसाळ्याच्या नोंदी चालू आहेत. आमच्या सोसायटीत वाचून दाखवायला वही नेली होती, तेव्हा सभेला सात जण आले. त्यांतल्या तिघांनी त्या वेळच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर तिकडे येणार आहेत.